तापमानाचा रकाना

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. माझ्या बायकोला, अनघाला, ती माहीत नाही; आणि जिला सगळ्यांत आधी कळायला हवी होती, तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? — राहू दे. कारणं द्यायला लागलो की मी वाक्यं घडवायला लागतो, आणि या प्रकरणात जे झालं ते घडवलेल्या वाक्यांनीच झालं.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. पुण्यात एका दैनिकात मी उपसंपादक होतो. बातमी कापायची, आकडे तपासायचे, विशेषणं उडवायची. पुढे तांत्रिक लेखनाचा कोर्स केला आणि त्या जोरावर आयर्लंडला आलो. ॲथलोनला वैद्यकीय उपकरणांचा एक कारखाना होता. रक्तवाहिनीत घालायच्या बारीक नळ्या तिथे बनत. त्या कशा बनवायच्या आणि पाकिटात कशा बंद करायच्या, याच्या सूचना लिहून ठेवणं हे माझं काम. प्रत्येक मशीनचं एक डॉक्युमेंट. कुठलं बटण आधी, किती दाब, किती तापमान. मजकूर रुक्ष, पण एकही आकडा चुकून चालायचं नाही. मला वाटलं, हे तर आपलंच काम.

नव्हतं. वर्तमानपत्राचं पान एकदा छपाईला गेलं की त्याला कुणी हात लावत नाही. इथलं पान कधी छपाईला जातच नसे. वर्डची फाइल सामायिक ड्राइव्हवर पडलेली, आणि ज्याच्या मनात येईल तो ती उघडून तीत लिही. एकाने फॉन्ट बदलला. एकाने सगळ्या सूचनांच्या आधी ‘कृपया’ घातलं. एकदा तर सुरक्षेच्या नियमांच्या मधोमध कुणीतरी शनिवारच्या हर्लिंगच्या, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, सामन्याची वेळ लिहून ठेवली होती. मी ती काढली, तर एक सुपरवायझर येऊन मलाच विचारतो — इथे वेळ लिहिली होती ती कुठे गेली? तुम्ही असता तर तुमचं डोकं ठिकाणावर राहिलं असतं?

म्हणून मी सगळ्या फाइली पासवर्ड घालून बंद केल्या. झालं, माझ्या टेबलापाशी रांग लागली. याला मशीनचा नंबर भरायचाय, त्याला शेरा लिहायचाय, तिसऱ्याला तारीख. आमचा मॅनेजर डेक्लन उंच, अघळपघळ, कशालाही ‘ग्रँड’ म्हणणारा माणूस, तोसुद्धा वैतागला. “हे बघ, सगळं बंद ठेव,” तो म्हणाला, “फक्त जिथे लिहायला हवं तेवढं उघडं ठेव. जमेल?”

जमणार होतं. वर्डच्या नव्या आवृत्तीत तशी सोय आली होती. अख्खं डॉक्युमेंट बंद, पण त्यातला निवडलेला मजकूर मात्र सर्वांसाठी उघडा. हाताने हे एकेका फाइलीत करायचं म्हणजे म्हातारपण यायचं, म्हणून मी त्यासाठी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे वर्डच्या आतच चालणारा छोटा प्रोग्राम. मी मजकूर निवडायचा, बटण दाबायचं; तेवढा तुकडा उघडा व्हायचा आणि बाकीचं पान पासवर्डमागे बंद. उघड्या तुकड्याभोवती कंस यायचे आणि फिकट पिवळा रंग. बंद जागी कुणी टाइप करू लागलं तर अक्षर उमटत नसे. खाली ओळ येई की हा भाग सुरक्षित आहे. मी प्रोग्रामर नव्हे. चाचपडत, चिडत, दहा वेळा सगळं मोडून तो मॅक्रो उभा केला होता. अभिमान होता मला त्याचा — हे आत्ताच सांगतो, कारण पुढे तो अभिमान कामाला आला, वाईट कामाला.

आता प्राजक्ता.

ती नागपूरची. पाकिटं सील करण्याच्या लाइनवर प्रोसेस इंजिनिअर होती. माझ्याहून बरीच लहान. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये तिने मला दादा म्हणायला सुरुवात केली. नवरा संदीप, मुलगी ईशा. ॲथलोनमध्ये तेव्हा मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. रविवारी एकदा त्यांच्याकडे जेवण, एकदा आमच्याकडे. डाळ-तांदूळ आणायला डब्लिनला जायचं तर एकाच गाडीतून. ईशाशी आम्ही मराठीत बोलायचो आणि ती ॲथलोनच्या इंग्रजीत उत्तर द्यायची. काय गं, बरी आहेस का? — “आयॅम ग्रँड, काका.”

संदीप नागपुरात चांगली नोकरी सोडून आला होता, पण इथे त्याला काम करायची परवानगी नव्हती. तिघांचं इथलं राहणं प्राजक्ताच्या वर्क परमिटवर, आणि ते परमिट त्या काळी कंपनीच्या नावे असे. नोकरी गेली की परमिट गेलं. परमिट गेलं की देश गेला. माझंही तसंच होतं. आम्ही दोघंही हे जाणून होतो आणि त्याबद्दल कधी बोलत नव्हतो.

तिला तो पिवळा रंग आवडायचा. डेक्लनला नाही. त्याने एकदा माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, “माझ्या धाकट्याची रंगवायची वही दिसतेय. ऑडिटरला हे दाखवू?” मी मॅक्रोत एक ओळ वाढवली आणि रंगही घालवला, कंसही घालवले. आता उघडी जागा आणि बंद जागा दिसायला सारखीच.

“दादा, पिवळं राहू द्या ना,” प्राजक्ता म्हणाली. “कुठे लिहायचं ते कळतं. कुठे नाही तेही कळतं.”

“अगं, तुम्हाला माहीत नाही का कुठे लिहायचं ते? रोज तेच लिहिता.”

“माहीत आहे हो. पण दिसलेलं बरं.”

मी चिडलो. रोज कुणी ना कुणी येऊन माझ्या मॅक्रोबद्दल काहीतरी सुचवत होतं, आणि त्यात ही. आणि ही सगळ्यांत जास्त यायची — कधी कुठे स्वल्पविराम राहिलाय, कधी एका सूचनेचा क्रम चुकलाय. तिचं बरोबर असायचं. म्हणूनच जास्त वैताग यायचा. एका दुपारी ती एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त करून मागायला आली, आणि मी तिला पासवर्डच देऊन टाकला.

“नको दादा. नियम आहे ना, फक्त तुमच्याकडे ठेवायचा म्हणून.”

“नियम मीच केलाय. घरची माणसं आपण. तुझ्याकडे असला काय, माझ्याकडे असला काय.”

ती हसली, पण संकोचून. तिने मागितला नव्हता. हे मी आत्ता, इथे, ठळक करून सांगतो: तिने मागितला नव्हता. ऑफिसात जे मी कुणाही आयरिश माणसाला दिलं नसतं, ते तिला दिलं. तेव्हा मला ते आपुलकीचं वाटलं होतं. खरं म्हणजे मला फक्त तिचं येणं थांबवायचं होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. किती वेळ टाळतोय, पाहिलंत?

सीलिंग मशीनच्या डॉक्युमेंटमध्ये एक तक्ता होता. एका रकान्यात मशीनचा नंबर. तो लाइनवरच्या लोकांनी भरायचा, म्हणजे उघडा. शेजारच्या रकान्यात सीलिंगचं तापमान. ते कुणीही बदलायचं नाही, म्हणजे बंद. वर्डच्या तक्त्याची एक खोड आहे. माउसने एका रकान्यातला मजकूर निवडताना हात केसभर पुढे गेला, तर तो शेजारचा अख्खा रकानाही आपणहून निवडतो. पिवळा रंग असता तर एका नजरेत दिसलं असतं की उघडा रकाना एक नव्हे, दोन आहेत. रंग मी घालवला होता. मग तपासायचं कसं? प्रत्येक फाइलीत बंद जागी टाइप करून बघायचं. सुरुवातीच्या थोड्या फाइलींत मी ते केलं. मग कंटाळलो. सगळ्या फाइली तपासल्या अशी सही मात्र केली.

असा तापमानाचा रकाना उघडा राहिला. कित्येक आठवडे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण तिथे कुणी लिहायलाच गेलं नाही. मग कुणीतरी गेलं. कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा मशीनचा नंबर भरताना कर्सर एक घर पुढे पडला. जुना आकडा पुसला गेला. आणि त्या माणसाने आठवणीने तो परत लिहिला. एकशे चाळीसच्या जागी एकशे वीस. लाइनवरच्या जुन्या मशीनचं तापमान एकशे वीसच होतं, त्यामुळे लिहिणाऱ्याला शंका आली नसणार. वाचणाऱ्यांनाही नाही.

चाचणीत पाकीट चिप्सच्या पुड्यासारखं सहज उघडलं. त्याचा अर्थ आतली नळी निर्जंतुक राहील याची खात्री नाही. माल रोखला, नष्ट केला. कारखान्याबाहेर काही गेलं नव्हतं. कुणा रुग्णाला काही झालं नाही. पण अशा कारखान्यात एवढं झालं तरी कुणाचं तरी नाव लागतं.

सकाळी डेक्लनचा फोन आला: आकडा चुकलाय, आधी दुरुस्त कर. मी फाइल उघडली. ती बंद होती, जशी असायला हवी तशी. वरच्या परिच्छेदात टाइप करून पाहिलं — नाही उमटलं. खाली — नाही. मग पासवर्ड घालण्यासाठी मेनूकडे जाणार, तेवढ्यात काय वाटलं कुणास ठाऊक, कर्सर तापमानाच्या रकान्यात नेला आणि एक आकडा दाबला.

तो उमटला.

मी तो पुसला. पुन्हा दाबला. पुन्हा उमटला. माझ्या बंद पानात, माझ्या मॅक्रोने बंद केलेल्या पानात, जिथे लिहायलाच नको तिथे अक्षर खुशाल उमटत होतं. पासवर्ड लागत नव्हता. कुणालाच लागला नसता.

यानंतर मी काय केलं ते एकेक सांगतो. फाइल पासवर्डने उघडली. दोन रकान्यांची परवानगी काढली आणि एकाच रकान्याला दिली. एकशे चाळीस लिहिलं. फाइल बंद केली, सेव्ह केली. फाइलीवर शेवटचा बदल करणारा म्हणून माझं नाव आलं, पण त्यात काय? आकडा दुरुस्त कर म्हणून खुद्द मॅनेजरने सांगितलं होतं. मग मी त्याच रकान्यात टाइप करून पाहिलं. आता उमटत नव्हतं.

थांबलो का? नाही. एखादी चुकलेली ओळ पान लागायच्या आत बदलावी, तसं केलं. मनात एकच विचार होता — सुटलो. दुसऱ्या कुणावर येईल हा विचार तेव्हा आला नाही. पण तो यायला फार वेळ लागला नाही, आणि आल्यावरही मी काही केलं नाही. म्हणून पहिल्या मिनिटाची सफाई निरर्थक आहे.

दुपारी डेक्लनने मला बोलावलं. चुकीचा आकडा लाइनजवळच्या कॉम्प्युटरवरून सेव्ह झाला होता, प्राजक्ताच्या लॉगिनमधून. त्याने काही सिद्ध होत नव्हतं, आणि हे डेक्लनलाही माहीत होतं. तो कॉम्प्युटर सुरू व्हायला युगं घ्यायचा, म्हणून ती सकाळी स्वतःच्या नावाने उघडून ठेवायची आणि दिवसभर सगळी लाइन तोच वापरायची. नियमाबाहेर होतं, पण सगळे तसंच करत.

“लाइनवरच्या कुणाचा हात लागला असेल,” डेक्लन म्हणाला, “पण तू तर ते लॉक केलंस ना? बंद रकाना बदलायला पासवर्ड लागतो. बरोबर?”

“बंद रकाना बदलायला पासवर्ड लागतो,” मी म्हणालो.

“मग पासवर्ड कुणाकडे आहे?”

इथे थोडं थांबतो.

मी म्हणालो, “माझ्याकडे. आणि प्राजक्ताकडे.”

पाहा ही वाक्यं. बंद रकाना बदलायला पासवर्ड लागतो: खरं. पासवर्ड दोघांकडे होता: खरं. यातलं एकही वाक्य कुणी खोटं ठरवू शकत नाही. न्यूजरूममध्ये हेच शिकलो होतो मी. माहीत नसलेलं लिहायचं नाही, माहीत असलेलं सगळं लिहायची सक्ती नाही, आणि दोन खरी वाक्यं शेजारी ठेवली की तिसरं वाचणारा स्वतः तयार करतो. त्याचा गुन्हेगार तोच ठरवतो. आपले हात स्वच्छ.

डेक्लनने डोळे मिटून कपाळ चोळलं. “ओ, गॉड,” म्हणाला, “ती तर बिचारी सगळ्यांत काळजी घेणारी.” मग म्हणाला, “तू रिपोर्ट लिहितोस का? तुझं लिहिणं स्वच्छ असतं.”

लिहिला. एक पान. एकही विशेषण नाही. ‘कुणी केलं’ असं कुठे नाही. ‘झालं’, ‘आढळलं’, ‘उपलब्ध होता’. तिच्यावर आरोप करणारा एक शब्द तुम्हाला त्यात सापडणार नाही. मी तो आजही तुम्हाला दाखवू शकलो असतो आणि तुम्ही म्हणाला असता, किती समतोल.

मला वाटलं होतं, ती भांडेल. खरंच सांगतो, मी तिच्या भांडण्याची वाट पाहत होतो. ती येईल, म्हणेल, दादा, मी त्या रकान्याला हात लावला नाही, पुन्हा तपासा. तसं ती म्हणाली असती तर मी बोललो असतो का? माहीत नाही. तिने संधीच दिली नाही — बघा, पुन्हा तिच्यावरच ढकलतोय.

ती आली ती कँटीनमध्ये, चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसली. डोळे सुजलेले.

“दादा, मीच असेन.”

“काय मीच?”

“ते स्पेलिंग दुरुस्त करायला मी पासवर्ड घालून फाइल उघडली होती ना? त्याच फाइलीत होतं ते. परत बंद करायचं राहिलं असणार माझ्याकडून. मग लाइनवर कुणाचातरी हात लागला. मला आठवतंय की मी बंद केली होती, पण सगळ्यांना तसंच आठवतं ना?”

तिने बंद केली होती. सकाळी मी उघडली तेव्हा फाइल बंदच होती. माझ्याखेरीज हे कुणालाच माहीत नव्हतं. अशा वेळी माणसाने काय म्हणावं?

मी म्हणालो, “होतं असं कधीकधी.”

“आणि तुम्ही मला विश्वासाने पासवर्ड दिला होता. तुम्हाला खाली बघायला लावलं मी.”

मला तिचा प्रचंड राग आला. हो, राग. इतकं काय लगेच मान्य करायचं? जरा तरी उलटून बोलावं माणसाने! अशा माणसांमुळेच आमच्यासारख्यांचं फावतं, असं मनाशी म्हणत मी चहा संपवला. तिची चूक कोणती, तर ती माझ्यापेक्षा बरी होती, एवढीच. आणि त्यासाठीसुद्धा मी तिच्यावरच चिडलो होतो.

मला काय झालं? पासवर्ड दुसऱ्याला दिला म्हणून लेखी समज. डेक्लनने ती देताना माझ्या पाठीवर थाप मारली: तू खरं सांगितलंस, ते बरं केलंस.

तिचं काँट्रॅक्ट संपवलं.

त्यांच्या निरोपाचं जेवण आमच्याकडे झालं. प्राजक्ताची आई तेव्हा नागपूरहून आलेली होती. लेकीकडे निवांत राहायला आली आणि लेकीच्या सामानाची बांधाबांध करायला लागली. अनघाने पुरणपोळ्या केल्या होत्या.  गेले काही दिवस संदीप इथल्या-तिथल्या कंपन्यांना फोन करत होता, लिमरिकला, चेरीवूडला, कुणी प्राजक्ताला परमिटसकट घेतंय का म्हणून. कुणी घेतलं नव्हतं. जुन्या कंपनीने का काढलं, असा प्रश्न यायचा, आणि ती खरं उत्तर द्यायची.

मावशींनी, म्हणजे प्राजक्ताच्या आईने, माझ्या पानाकडे पाहिलं. “काहून जी भाऊ, जेवून नाही राह्यले? पोरगी म्हणे, इथं तुम्हीच तिले सांभाळून घेतलं. घ्या, अजून एक घ्या.”

मी घेतली. खाल्लीही.

ईशा कोपऱ्यात रुसून बसली होती. तिला शाळेच्या नाताळच्या नाटकात मेंढीचं काम मिळालं होतं. आता ते दुसऱ्या मुलीला जाणार होतं. अनघा तिला म्हणाली, नागपूरच्या शाळेत याहून मोठं काम मिळेल. ईशा इंग्रजीत म्हणाली, पण तिथे मी कुणाला ओळखतच नाही. 

प्राजक्ताने मसाल्याचे डबे आणले होते. “वहिनी, हे तुमच्या प्रेसमध्ये ठेवते,” ती अनघाला म्हणाली. कपाटाला ती आता इथल्यासारखं प्रेस म्हणायला लागली होती. मग सगळे डबे तिने उघडून पाहिले, झाकण घट्ट लागतंय का ते. प्रत्येक डबा दोनदा. मी दारात उभा राहून बघत होतो. ती पूर्वी असं करत नसे.

त्या आठवड्यात मी बाकीच्या सगळ्या फाइली तपासल्या, एकेक, बंद जागी टाइप करून. आणखी काही ठिकाणी तेच निघालं — शेजारचा रकाना उघडा. गुपचूप बंद केले. पिवळा रंग परत आणला. “हे बरं केलंस, आता नीट कळतंय,” डेक्लन म्हणाला. रंगवायच्या वहीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. पुढे दुसऱ्या विभागानेही माझा मॅक्रो मागून घेतला. मी दिला.

म्हणजे तेव्हाही वेळ गेलेली नव्हती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती अजून ॲथलोनमध्ये होती. तशाच चुकलेल्या आणखी फाइली माझ्या हातात होत्या. त्या डेक्लनपुढे ठेवल्या असत्या तर पंधरा मिनिटांत सगळं उलटलं असतं. ती राहिली असती, मी गेलो असतो. एवढाच हिशेब होता आणि मला तो चांगला कळत होता. भीती वाटली म्हणू? भीती होतीच. पण आणखी एक होतं, आणि ते सांगायला भीतीपेक्षा जड जातं: माझा मॅक्रो चुकला असं मला कुणापुढे म्हणायचं नव्हतं.

विमानतळावर मीच सोडलं त्यांना. गाडीत सामान मावेना, म्हणून अनघा घरी राहिली. मावशी वाटभर आशीर्वाद देत होत्या. आत जाताना प्राजक्ता वाकून माझ्या पाया पडली, आणि मी “अगं, अगं” म्हणत तिला उठवलं. जसं उठवतात तसं.

पुढच्या दिवाळीत तिचा फोन आला. आधी अनघाशी बोलली, मग माझ्याशी. संदीपला नोकरी लागली होती. ईशा मराठी बोलायला लागली होती. तिला स्वतःलाही एका औषध कंपनीने बोलावलं होतं, जवळच होती, पगारही बरा होता.

“मग?”

“मीच नाही म्हणाले, दादा. आता शिकवण्या घेते. आठवी-नववीचं गणित.”

“अगं पण का?”

“नको वाटतं. तिथे माझ्या हातून काही राहिलं तर? मुलांची उत्तरंसुद्धा मी दोनदा तपासते आणि तिसऱ्यांदा ह्यांना तपासायला लावते.” ती हसली. “हे चिडतात. म्हणतात, तू पूर्वी अशी नव्हतीस. पण मला माझाच भरवसा वाटत नाही हो. एकदा तसं झालं ना.”

मी फोन कानाला धरून उभा होतो. अनघा आत फराळाचं ताट करत होती. नोकरी गेली, देश गेला, हे मी धरून चाललो होतो. त्याचं काहीतरी मनाशी जुळवून ठेवलं होतं. हे धरलं नव्हतं. स्वतःच्या नीट आठवणीवरचा विश्वास — तोही मीच काढून घेतला होता, आणि ती मला फोनवर दिवाळीच्या शुभेच्छा देत होती.

एक वाक्य पुरलं असतं. तेव्हाही.

“काळजी घे,” मी म्हणालो. “सगळ्यांना नमस्कार सांग.”

मी इथेच राहिलो. नागरिकत्वही घेतलं. तिचे फोन पुढे कमी होत गेले आणि मग थांबले. मी कधी केला नाही.

त्या रिपोर्टमध्ये एक वाक्य लिहायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं — मी गाळलं होतं. ते असं: तापमानाचा रकाना उघडा होता, तो मी उघडा ठेवला होता, आणि प्राजक्ताने फाइल नीट बंद केली होती.